बांगड्या सैल का होतात?

डाएट नाही, रंकाळा तलावाभोवती फेऱ्या नाहीत, तरी ब्लाउजला आतून टीप मारावी लागते. ‘बारीक झालीस गं!’ हे कौतुक अशा वेळी घातकच. ६० किलोच्या बाईचं वजन सहा महिने ते वर्षभरात आपोआप तीनेक किलोनं उतरलं, तर तपासणी हवी.

थायरॉइड ग्रंथी जादा काम करू लागली की चुलीतला जाळ वाढवावा तसं शरीर इंधन जाळतं. भरपूर जेवूनही वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात, पाळी बिघडते. बायकांत हा विकार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. मधुमेहात साखर रक्तात असते, पण पेशींच्या उपयोगी पडत नाही. मग शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू मोडून वापरतं. नैराश्यात तर भूकच मरते.

क्षयात दुहेरी मार. जंतूंशी लढताना शरीरात तयार होणारी रसायनं भूक मारतात आणि स्नायूही झिजवतात. डॉक्टर आनंदीबाई जोशींना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. पण १८८६ मध्ये अमेरिकेहून त्या परतल्या, त्या क्षयानं खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही न गाठता, त्या गेल्या. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. गुणकारी औषध मिळायला मात्र १९४० चं दशक उजाडलं. आज सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधं, दोन्ही मोफत आहेत.