कार्बोरेटर कोणाच्या हाती द्यावा? गॅरेज निवडताना पाहावयाच्या गोष्टी

पहाटे पाव-बिस्किटे पोचविणारा बेकरीवाला, मालेगाव-भिवंडीच्या बाजारात कापडाचे नमुने घेऊन फिरणारा दलाल, अवजारांची पिशवी बांधून कामावर निघणारा प्लंबर अगर सुतार, या सर्वांचा दिवस मोटारसायकल सुरू होण्यावर अवलंबून असतो. गाडी जुनी झाली की अ‍ॅव्हरेज कमी होते, सकाळी किक मारून पाय दुखू लागतो, चढावर गाडी मिसिंग करते. मग कोणीतरी सांगतो, "कार्बोरेटर ट्यून करून घ्या." काम लहान दिसते, पण ते चुकीच्या हाती गेले तर पेट्रोलही जाते आणि इंजिनही. म्हणून या कामाकरिता गॅरेज कसे पारखावे, याविषयी काही उपयुक्त गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

आजही हा प्रश्न का?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन आले. परंतु त्यापूर्वीच्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, बुलेट अशा लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा धंद्याच्या कामात आहेत. दुसरीकडे नवीन शिकणारे कारागीर इंजेक्शन व स्कॅनरचे काम शिकू लागले आहेत. त्यामुळे कार्बोरेटरचा खरा जाणकार आता शोधावा लागतो.

यात पेट्रोलच्या बदलाची भर पडली आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलला जळण्याकरिता पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून जुन्या जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण थोडे पातळ पडते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवू शकतो, कार्बोरेटरला ती सोय नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी सील व नळ्यांना त्रास देऊ शकते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर फ्लोटच्या वाटीत चिकट थर बसतो आणि बारीक जेट बुजतो.

बिघाडाची किंमत

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्याकरिता वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरचे. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काळा पडतो, धूर येतो, अ‍ॅव्हरेज घटते. कमी झाले तर इंजिन तापते, गाडी दचके देते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. टू-स्ट्रोक गाडीत, जेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. त्यात पिस्टन जाम होण्याची भीती असते.

हिशेब करून पाहावा. एखादी गाडी रोज ६० किलोमीटर चालते आणि तिचे अ‍ॅव्हरेज ६० वरून ४५ वर आले, असे समजू. पूर्वी दिवसाला १ लिटर लागत होते, आता १.३३ लिटर लागते. महिन्याच्या २६ दिवसांत साडेआठ लिटरहून अधिक पेट्रोल वाया गेले. लिटरला १०० रुपये धरले तरी दरमहा साडेआठशेच्या वर रक्कम होते. लहान धंद्यात ही रक्कम नफ्यातूनच जाते.

चांगल्या मिस्त्रीची ओळख

पहिली ओळख अशी की, तो आल्याबरोबर स्क्रू-ड्रायव्हर हाती घेत नाही, आधी विचारतो. त्रास थंड इंजिनात होतो की गरम? स्लोवर होतो, अर्ध्या रेसवर की पूर्ण रेसवर? या प्रश्नांना कारण आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेटचे काम चालते, मधल्या भागात सुईचे आणि थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर मेन जेटचे. त्रास कोठे होतो हे कळले की दोष कोठे शोधावा हेही कळते. न विचारता "जेट बदलावा लागेल" असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

दुसरी ओळख, तो कार्बोरेटरच्या आधी बाकीची गाडी पाहतो. एअर फिल्टर तुंबला असेल, प्लग खराब असेल, टॅपेटचे अंतर बिघडले असेल, कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबराला चीर गेली असेल, तर कितीही ट्यूनिंग केले तरी उपयोग नाही. टॅपेट इंजिन थंड असताना फिलर गेजने तपासावे लागतात. म्हणून जो मिस्त्री "गाडी रात्रभर ठेवून जा, सकाळी थंड असताना पाहतो" असे म्हणतो, तो बहुधा टाळाटाळ करीत नसतो. त्याला थंड इंजिनाचे स्टार्टिंगही ऐकावयाचे असते.

तिसरी ओळख सफाईत दिसते. जेट पितळेचा असतो आणि त्याचे छिद्र अतिशय बारीक असते. त्यात तार किंवा टाचणी घातली की छिद्र मोठे होते अगर ओरखडते, आणि मग ती गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. योग्य रीत म्हणजे कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा. फ्लोटची उंची आणि फ्लोट सुईचे टोकही पाहावे लागते, नाही तर पेट्रोल ओव्हरफ्लो होत राहते.

चौथी गोष्ट जेटच्या नंबरची. जेटवर बहुधा आकडा कोरलेला असतो. कंपनीने त्या मॉडेलला जो नंबर दिला आहे तोच असावा. "पिकअप वाढेल" म्हणून मोठा जेट बसविण्याचा सल्ला कामाच्या गाडीकरिता महाग पडतो. बदललेला जुना जेट मागून घ्यावा आणि नव्याचा नंबर बिलावर लिहून घ्यावा.

स्क्रू फिरविण्याची रीत

स्लोचे शेवटचे ट्यूनिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच करावयाचे असते. जाणता कारागीर मिश्रणाचा स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करून तो किती फेरे उघडा होता हे मोजतो, म्हणजे गरज पडल्यास मूळ जागी आणता येतो. स्क्रू जोराने आवळला तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

येथे एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवेचा स्क्रू. तो आत घेतला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. काहींत तो इंजिनच्या बाजूला असतो, तो पेट्रोलचा स्क्रू. तो आत घेतला की पेट्रोल कमी होते. "तुमच्या गाडीत कोणता आहे?" एवढा प्रश्न मिस्त्रीला नम्रपणे विचारून पाहावा. जाणकार असेल तर तो लगेच बोट ठेवून दाखवील.

उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या गावी हवा विरळ असते, त्यामुळे कोकणात ट्यून केलेली गाडी तेथे जास्त पेट्रोल घेते. गाडी जेथे रोज चालते त्या भागातील गॅरेज त्याकरिता बरे.

मोजमाप असेल तर विश्वास

कान अनुभवी असले तरी मापाची जोड हवी. ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर पीयूसी यंत्रावर धूर तपासून घेता येतो. २००० सालानंतरच्या बीएस-२ व बीएस-३ फोर-स्ट्रोक दुचाकींकरिता स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. पेट्रोल जास्त जात असेल तर पहिला आकडा चढलेला दिसतो. मात्र आकडा खाली आणण्याकरिता मिश्रण इतके पातळ करू नये की गाडी दचके देईल. जो गॅरेजवाला स्वतःच दोन्ही पावत्या दाखवितो, त्याचे काम उघडे असते.

ज्यांच्याकडे राजदूत ३५० सारखी दोन कार्बोरेटरची गाडी आहे, त्यांनी आणखी एक पाहावे. दोन्हींचे थ्रॉटल एकाच क्षणी आणि सारखेच उचलले गेले पाहिजेत, अन्यथा एक सिलिंडर दुसऱ्याचे ओझे वाहतो. अनेक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीला त्यासाठी व्हॅक्यूम गेज लागतो. तो नसेल तेथे अशी गाडी देऊ नये.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

या पानाच्या वाचकांत अनेक मिस्त्री व गॅरेजमालक आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, कार्बोरेटरचे काम संपले असे समजू नका. जाणणारे कमी होत असताना, नीट काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक लांबून येते. फिलर गेज, कॉम्प्रेसर, अस्सल जेटचा संच आणि कामाची वही, एवढे असले तरी गॅरेजचे नाव होते. वहीत गाडीचा नंबर, स्क्रूचे फेरे आणि जेटचा नंबर लिहून ठेवला तर पुढच्या खेपेचा वेळ वाचतो आणि शागीर्दही शिकतो. दोष टॅपेटमध्ये असताना ट्यूनिंगचे पैसे घेतले तर तेच गिऱ्हाईक आठ दिवसांत तक्रार घेऊन परत येते.

शेवटी

गॅरेज निवडताना केवळ दर विचारू नये. काम काय काय होणार ते आधी ठरवून घ्यावे, गाडी थंड असताना न्यावी, आणि काम झाल्यावर मिस्त्रीसोबत एक फेरी मारावी. नंतर टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा, आठवडाभर गाडी चालवून पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे पेट्रोल बसले त्याने किलोमीटरला भागले की खरे अ‍ॅव्हरेज कळते. ते सुधारले तर त्या मिस्त्रीचे नाव शेजाऱ्यालाही सांगावे. न सुधारल्यास आकडा त्याच्यापुढे ठेवावा. चांगला कारागीर आकडा पाहून चिडत नाही, गाडी पुन्हा तपासावयास घेतो.