विद्यापीठाची पत कशी पारखावी?

शेतकऱ्यांचीं मुलें मोठ्या संख्येनें शिकूं लागलीं ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तीं कोठें शिकावीं हा प्रश्न आतां पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाहीं. हल्लीं बारावीचा निकाल लागला न लागला तोंच निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील गांवोगांवीं खासगी विद्यापीठांचीं पत्रकें येऊन पडतात. आपलें विद्यापीठ नामांकित, तेथील प्रवेश दुर्मिळ, आणि तेथून बाहेर पडणाऱ्यास मोठा पगार, असें बहुतेक पत्रकांत लिहिलेलें असतें. तें वाचून बापाच्या मनांत दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात : मुलाचें कल्याण आणि जमिनीवरील बोजा. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत, मुलांच्या शिक्षणापायीं चढलेले बोजे आम्हीं पुष्कळ पाहिले. कांहीं मुलाच्या कमाईनें उतरले. कांहीं उतरले नाहींत. सबब विद्यापीठाचें नांव ऐकून भुलून न जातां किंवा भिऊनही न जातां त्याची पत कशी तपासावी, याचा विचार येथें योजिला आहे.

खासगी विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांकरितां विद्यापीठ काढलें, तेव्हां त्यास सरकारी मान्यता नव्हती. १९२० सालीं ठाकरसी यांनीं पंधरा लक्षांची देणगी दिली व तें उभें राहिलें. पुण्याचें टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ सालचें. त्या काळीं अशा संस्थांची पत चालकांच्या त्यागावरून ठरे. पुढें १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतां विनाअनुदान कॉलेजांस परवानगी मिळाली आणि उच्च शिक्षणाचा व्याप एकाएकीं वाढला. त्याबरोबर देणगी उकळण्याचे प्रकारही वाढले, म्हणून १९८७ सालीं त्यांस बंदी करणारा कायदा करावा लागला. तेव्हांपासून चालकाचा शब्द हाच पुरावा मानण्याचे दिवस संपले. आतां ज्यानें त्यानें पुरावा मागून घेतला पाहिजे.

पहिली तपासणी : हक्काची

जमीन घेतांना शहाणा मनुष्य माती पाहण्यापूर्वीं सात-बारा पाहतो. विद्यापीठाचेंही तसेंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यांतील कलम २२ प्रमाणें पदवी देण्याचा अधिकार ठराविक संस्थांसच आहे : ज्या केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानें स्थापन झाल्या त्या, ज्यांस कलम ३ खालीं 'अभिमत' दर्जा मिळाला त्या, आणि ज्यांस संसदेनें खास अधिकार दिला त्या. आमच्या जिल्ह्यांत त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी येथें असलेलें संदीप विद्यापीठ हें राज्याच्या कायद्यानें झालेलें खासगी विद्यापीठ होय. पुण्याचें सिंबायोसिस व लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था या अभिमत जातीच्या. नाशिकच्या के. के. वाघ किंवा मराठा विद्या प्रसारक समाजाच्या संस्थांचीं कॉलेजें मात्र खासगी असलीं तरी विद्यापीठें नव्हत. तीं सरकारी विद्यापीठांशीं संलग्न आहेत. हा भेद पुढें पैशाच्या हिशेबांत फार उपयोगीं पडतो.

आयोग मान्य विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करितो, तशीच बनावट विद्यापीठांचीही करितो, आणि त्या दुसऱ्या यादींत महाराष्ट्राचें नांव आलेलें आहे. शेतकीच्या पदवीसाठीं जावयाचें असल्यास भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हेंही विचारावें. परंतु सात-बारा निर्वेध असला म्हणजे जमीन पिकाऊ ठरते असें नाहीं. मान्यता हा केवळ उंबरठा होय.

दुसरी तपासणी : चाळणीची

'आमच्याकडे शंभरांत एकास प्रवेश मिळतो' हें वाक्य मोठें मोहक आहे. त्याचा हिशेब करून पाहूं. समजा, शंभर जागांस दहा हजार अर्ज आले. अर्ज फुकट किंवा अल्प खर्चाचा असला म्हणजे एकच मुलगा दहा ठिकाणीं अर्ज करितो. तेव्हां अर्जांची संख्या ही उमेदवारांची संख्या नव्हे. पुन्हां, त्या शंभर जागा भरण्यासाठीं विद्यापीठानें आठशें मुलांस बोलावणें धाडलें असेल, तर निवड शंभरांत एकाची नसून आठांची झाली. आणि बोलाविलेल्या आठांपैकीं सात जण दुसरीकडे गेले, हें त्यांत पत्रकानें सांगितलेलें नसतें.

अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठ हें खासगी व खरोखरच थोर विद्यापीठ आहे. तेथें २००६ च्या सुमारास अर्जदारांपैकीं शेंकडा ३५ ते ४० जणांस प्रवेश मिळे. २०२० पर्यंत तो आंकडा शेंकडा ७ च्या खालीं आला. मधल्या काळांत अनेक विद्यापीठांस चालणारा एकच सामायिक अर्ज त्यानें स्वीकारला होता, आणि अर्जांचा पूर लोटला. तेवढ्यानें तेथील अध्यापन पांचपट चांगलें झालें असें कोणी म्हणणार नाहीं.

मग चाळणी बारीक कीं जाड हें कशावरून ओळखावें? पहिल्या क्रमांकाच्या मुलावरून नव्हे, तर शेवटीं प्रवेश मिळालेल्या मुलावरून. महाराष्ट्र राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेनंतर होणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंत प्रत्येक कॉलेजाच्या प्रत्येक शाखेंत शेवटची जागा कोणत्या 'पर्सेंटाइल'वर बंद झाली, तें फेरीवार प्रसिद्ध होतें. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभर गुणांपैकीं नव्वद गुण नव्हत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकीं सुमारें नव्वद जण त्या मुलाच्या बरोबरीचे किंवा मागें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. येथें एक सावधगिरी ठेवावी. विनाअनुदान कॉलेजांत शेंकडा २० पर्यंत जागा संस्थेच्या स्तरावर भरतां येतात. त्यांस हा आंकडा लागू नाहीं. खासगी विद्यापीठें तर बहुधा आपली निवड आपणच करितात. तेथें स्पष्ट विचारावें : कोणत्या परीक्षेचे गुण धरितां, शेवटच्या मुलास किती होते, आणि वर्गांत जागा रिकाम्या किती राहिल्या? पिलानी येथील बिर्ला संस्था ही १९६४ पासून अभिमत विद्यापीठ आहे व २००५ पासून स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. तिची पत वाढली ती मुख्यत्वें गुणानुक्रमाची ही शिस्त लोकांस दिसली म्हणून. जेथें हे प्रश्न विचारतांच उत्तराऐवजीं 'आजच जागा राखून ठेवा' असा आग्रह होतो, तेथें चाळणी नाहींच असें समजावें.

तिसरी तपासणी : दर्जाच्या आंकड्यांची

सरकारनेंही दर्जा मोजण्याचीं साधनें केलेलीं आहेत. 'नॅक' ही मूल्यांकन संस्था १९९४ सालीं स्थापन झाली. 'एन. आय. आर. एफ.' या नांवाची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते. तींत विद्यापीठांसाठीं अध्यापन व साधनें यांस ३०, संशोधनास ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीस २०, सर्वसमावेशकतेस १० व लौकिकास १० असे शंभर गुण वांटलेले आहेत. २०२३ पासून शेतकी शिक्षणाचा वर्गही वेगळा केला आहे.

हीं साधनें उपयोगाचीं आहेत, पण तीं डोळे मिटून घेण्याचीं नव्हत. पीक कापणीचा प्रयोग कसा होतो हें वाचकांस ठाऊक आहेच. कोणतें शेत व शेतांतील कोणता तुकडा कापावयाचा हें शेताचा धनी ठरवीत नाहीं. तें चिठ्ठी टाकल्याप्रमाणें आंकड्यांवरून ठरतें, म्हणूनच त्या उताऱ्यावर विश्वास ठेवितां येतो. क्रमवारीची बहुतेक माहिती मात्र संस्था स्वतःच भरून देतात. २०२५ च्या फेब्रुवारींत तर मूल्यांकन समितीच्या सभासदांस लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागानें अटक केली.

हा दोष केवळ आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. आमच्या नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तें खासगी विद्यापीठ आजही जगांतील अग्रगण्य विद्यापीठांपैकीं आहे. परंतु २०२२ सालीं तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनीं, क्रमवारीसाठीं विद्यापीठानें दिलेले आंकडे बरोबर नाहींत असें दाखवून दिलें. विद्यापीठानेंही चुका मान्य केल्या, आणि अमेरिकेंतील एका प्रसिद्ध क्रमवारींत त्याचें स्थान दुसऱ्यावरून अठराव्यावर गेलें. एका वर्षांत ना इमारती पडल्या होत्या, ना अध्यापक बदलले होते. तात्पर्य, क्रमांक ही विद्यापीठाची पत नव्हे. ती पतीविषयींची एक साक्ष होय, आणि साक्षीस उलटतपासणी हवीच.

चौथी तपासणी : मधल्या विद्यार्थ्याची

लासलगांवच्या बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज निघतात : कमींत कमी, जास्तींत जास्त आणि सर्वसाधारण. त्यांतला जास्तींत जास्त भाव एखाद्याच ट्रॉलीस मिळालेला असतो; त्यावर घरचा हिशेब बांधणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. मग पत्रकावर छापलेला चाळीस लाखांचा पगार पाहून मुलाच्या चार वर्षांचा हिशेब कां बांधावा? सरासरीही फसवी असते. दहा मुलांपैकीं एकास ४० लाख व नऊ जणांस प्रत्येकीं ३ लाख मिळाले, तर सरासरी ६ लाख ७० हजार येते. परंतु तेवढा पगार एकासही मिळालेला नसतो. दहाही जणांस पगाराप्रमाणें ओळीनें उभें केलें तर मधोमध येणारा मुलगा ३ लाखांचाच असतो. याच आंकड्यास 'मध्यक' म्हणतात, आणि तोच विचारावा.

सुदैवानें तो मिळवितां येतो. राष्ट्रीय क्रमवारींत आलेल्या संस्थांनीं भरलेले तक्ते संकेतस्थळावर पाहतां येतात. त्यांत किती मुलें दाखल झालीं, किती वेळेवर उत्तीर्ण झालीं, किती जणांस नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि किती पुढें शिकावयास गेलीं, हे रकाने असतात. आपल्या मुलाकडून ते काढवून घ्यावे व ओळ न् ओळ वाचावी. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, हें विसरूं नये. शंभरांपैकीं चाळिसांसच नोकरी लागली असेल, तर उरलेल्या साठांचा हिशेब त्या आंकड्यांत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें हे तक्तेही संस्थेनेंच भरलेले असतात. म्हणून मागील दोन-तीन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या, परंतु पत्रकावर ज्यांचें छायाचित्र नाहीं, अशा चार मुलांस गांठून विचारावें.

पांचवी तपासणी : खर्चाची

संलग्न विनाअनुदान कॉलेज आणि खासगी विद्यापीठ यांतील भेद येथें कामास येतो. संलग्न व्यावसायिक कॉलेजांचें शुल्क राज्याचें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. खासगी व अभिमत विद्यापीठांत तें कोण ठरवितें, आणि चार वर्षांत किती वाढेल, हें लेखी मागावें. सवलतींचा प्रश्न तर याहून मोठा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें. परंतु खासगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठें त्यांतून वगळलीं आहेत. म्हणजे एकाच शाखेसाठीं, एकाच गुणांवर, लेक संलग्न कॉलेजांत गेली तर शुल्क माफ, आणि 'विद्यापीठांत' गेली तर सारें बापाच्या माथीं. केवळ पाटीवरील शब्दासाठीं एवढें अंतर सोसावें काय, हें घरांत सर्वांनीं बसून ठरवावें.

नांवाचा उपयोग कितपत?

इतकें लिहिल्यावर, नांवास कांहींच किंमत नाहीं असें आमचें म्हणणें आहे काय, असें कोणी विचारील. तसें नाहीं. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, कडक निवडीच्या कॉलेजांत प्रवेश मिळूनही जीं मुलें साध्या कॉलेजांत गेलीं, त्यांची पुढील कमाई इतरांएवढीच झाली. चाळणीनें दाणा निवडला होता. तो चाळणीनें घडविला नव्हता. परंतु त्याच अभ्यासांत गरीब घरांतील मुलांस चांगल्या कॉलेजाचा लाभ झालेला दिसला, आणि त्यांच्या पुढील अभ्यासांत कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांसही तो दिसला. याचें कारण उघड आहे. ज्याच्या घरांत कोणी वकील, डॉक्टर, अधिकारी नाहीं, त्यास चांगल्या सोबत्यांच्या ओळखी आणि मार्गदर्शन कॉलेजांतच मिळावयाचें. म्हणून शेतकऱ्याच्या मुलास खरोखर निवडक व परवडणाऱ्या संस्थेंत जागा मिळत असेल, तर ती केवळ दूर आहे किंवा मोठ्यांची आहे म्हणून सोडूं नये. मात्र निवडकपणाचें सोंग घेतलेल्या संस्थेंत हा लाभ नसतो. तेथें सोबतीही विकत घेतलेल्या जागांवरचे, आणि ओळखीही तशाच.

शेवटीं आमची सूचना एवढीच कीं, कागदावर पांच ओळी लिहाव्या : पदवीचा कायदेशीर आधार, शेवटच्या प्रवेशाचे गुण, वेळेवर उत्तीर्ण होणाऱ्यांचें प्रमाण, पगाराचा मध्यक, आणि सवलती वजा जातां चार वर्षांचा एकूण खर्च. मनांत असलेल्या प्रत्येक संस्थेचा असा एक कागद करावा, आणि ते शेजारीं शेजारीं ठेवून मुलासमवेत वाचावे. ज्या ओळीचें उत्तर संस्था देत नाहीं ती कोरी ठेवावी. कोऱ्या ओळी मोजल्या म्हणजे पुष्कळसा उलगडा आपोआप होतो. गहाणखतावर सही करावयाचीच वेळ आली, तर हा कागद भरल्यावांचून ती करूं नये.