दुकान टाकण्याआधी सहा महिने गोडाऊनमध्ये काढा

प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, पाच लाख जमवलेत, दुकान टाकू का?" मी उलट विचारतो, "माल मोजता येतो का?" समोरचा हसतो. त्याला वाटतं, मोजायला काय लागतं?

मलाही असंच वाटायचं. २०१२ साली बीबीए झालो आणि पहिली नोकरी मिळाली भिवंडीतल्या एका गोडाऊनमध्ये, स्टॉक क्लार्क म्हणून. घरी सांगितलं, "लॉजिस्टिक्समध्ये लागलोय." प्रत्यक्षात हातात एक पॅड, एक पेन, एक खडू आणि डोक्यावर तापलेला पत्रा.

भिवंडीत एवढी गोडाऊनं का, हे तिथेच कळलं. तेव्हा मुंबईत माल नेला की जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर थांबायचा आणि लागेल तसा आत जायचा. २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. पण हायवे आणि बंदर जवळ असल्यामुळे गोडाऊनं राहिली, उलट वाढली.

माझी १२० खोक्यांची चूक

दुसऱ्याच आठवड्यात एक गाडी लागली. चलनावर १२० खोकी. माथाडी कामगारांनी माल उतरवून भिंतीला थप्पी मारली. मी समोरून मोजलं. पाच रुंद, सहा उंच, चार खोल. पाच सक तीस, तीस चोक एकशे वीस. सही केली, शिक्का मारला, गाडी गेली.

संध्याकाळी माल काढताना ११६ च भरले. मागच्या रांगेत, भिंतीकडे, वरची चार खोकी नव्हतीच! थप्पी माझ्या डोक्यापेक्षा उंच, त्यामुळे खालून दिसलंच नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, चलनावर सही तुमचीच आहे ना?" संपला विषय. पुढचे तीन महिने माझ्या पगारातून पैसे कापले गेले.

आमच्या गोडाऊनमध्ये एक जुने स्टोअरकीपर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते एवढंच म्हणाले, "बाळा, सही म्हणजे पैसे मिळाल्याची पावती नाही, पैसे दिल्याची आहे." आजही माझ्या दुकानात माल येतो तेव्हा हे वाक्य आठवतं.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. आधी मोजायचं, मग सही. माल कमी असेल तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहायचं, "११६ मिळाले, ४ कमी", आणि ड्रायव्हरची सही घ्यायची. खोकं फुटलेलं किंवा भिजलेलं असेल तर तेही तिथेच लिहायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा. गाडी गेल्यावर बोलून उपयोग नाही.

क्लार्क दिवसभर करतो काय?

लोकांना वाटतं हा माणूस खोकी उचलतो. उचलतो कधीकधी, पण त्याचं खरं काम आहे हिशेब. आलेला माल ऑर्डर आणि बिलाशी ताडून बघायचा. बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी तपासायची. मालाला रॅकवर जागा द्यायची आणि ती जागा लिहून ठेवायची. मागणी आली की माल काढायचा, नोंद करायची. रोज थोडा थोडा माल प्रत्यक्ष मोजून नोंदीशी जुळवायचा.

सगळं एका सूत्रावर चालतं. सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक. समजा ४० नग होते, २४ आले, ५१ विकले गेले. फळीवर १३ हवेत. ११ असतील तर दोन नग कुठे गेले हे आजच शोधायचं. वर्षाच्या शेवटी शोधायला गेलात तर काही सापडत नाही, फक्त आकडा दिसतो.

आता म्हणाल, दोन नगांनी काय होतं? हिशेब करा. तुम्हाला विक्रीवर १० टक्के नफा सुटतो असं धरू. ५०० रुपयांचा माल गेला, तर ते ५०० भरून काढायला ५,००० रुपयांची विक्री करावी लागते. म्हणजे तेवढं गिऱ्हाईक तुम्ही फुकट सांभाळलंत. शिवाय हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फेकून दिलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिटही घेता येत नाही.

जुना माल पुढे

काकांची दुसरी शिकवण खडूची. प्रत्येक थप्पीवर आवक तारीख मोठ्या अक्षरात. आधी आलेला माल आधी बाहेर. खाण्यापिण्याच्या वस्तू आणि औषधांत त्याहून पुढचं, ज्याची एक्सपायरी आधी तो आधी बाहेर, मग तो आला कधीही असो.

दुकानात नेमकं उलटं होतं. नवा माल आला की पोरगा पटकन पुढे लावतो, जुना मागे ढकलला जातो. दिवाळीच्या साफसफाईत मागून बिस्किटांचे मुदत संपलेले पुडे निघतात. तो तोटा दिवाळीत झालेला नसतो, तो ज्या दिवशी मागे ढकलला त्याच दिवशी झालेला असतो.

मी एका पोराला चोर म्हणालो

हे सांगायला आजही जड जातं, पण सांगतो.

पुढे मी सातारा जिल्ह्यात स्वतःचं जनरल स्टोअर टाकलं. वर्षभराने केसांच्या तेलाच्या बाटल्या कमी भरायला लागल्या. दोन महिन्यांत १८ बाटल्या, दीडेक हजाराचा माल. ती फळी लावणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, गरीब घरचा. मी बाकीच्यांसमोर त्याला विचारलं, "कुठे गेल्या बाटल्या?" तो म्हणाला, "दादा, मी नाही घेतल्या." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तेलाचं नवं खोकं मी स्वतः फोडलं. आत दहा बाटल्या. कंपनीने पॅकिंग बाराचं दहा केलं होतं. बिलावर "खोकी १" एवढंच यायचं आणि मी संगणकावर डोळे झाकून १२ चढवत होतो. नऊ खोकी, प्रत्येकी दोन बाटल्या. अठरा.

चोर कोणीच नव्हतं. खोटी नोंद माझ्या हातची होती.

मी त्याच्या घरी गेलो, आईसमोर माफी मागितली, राहिलेला पगार दिला. त्याने पैसे घेतले, पण परत आला नाही. तो म्हणाला, "दादा, आता कुठे काही कमी भरलं की सगळे माझ्याकडेच बघणार." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून दुकानात पद्धत ठरलीय. फरक आला की आधी नोंद तपासायची: खोकं की नग, परत आलेला माल चढवला का, डॅमेज काढून ठेवलेला कुठे आहे, बिल दुसऱ्याच आयटमवर फाटलं का. मग पुन्हा मोजायचं, तेही दुसऱ्या माणसाने. माणसाकडे बोट सगळ्यात शेवटी, आणि तेही चार लोकांत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

दुकान टाकायचं असेल तर आधी सहा महिने हे काम करा. गावातल्या डिस्ट्रिब्युटरचं गोडाऊन, सुपरमार्केट, शहरात असाल तर ऑनलाइन किराण्याचं डार्क स्टोअर. पगार फार नसतो, पायही दुखतात. पण कोणता माल पळतो, कोणता बसतो, कुठला सप्लायर कमी माल पाठवतो, हे दुसऱ्याच्या भांडवलावर शिकायला मिळतं. लाज वाटून घेऊ नका, मीही "लॉजिस्टिक्स" म्हणूनच वेळ मारून नेली होती.

ज्यांचं दुकान आधीच सुरू आहे त्यांना एकच गृहपाठ. आज रात्री शटर ओढल्यावर सगळ्यात जास्त खपणारे दहा आयटम निवडा. नोंदीतला आकडा न बघता आधी मोजा, कागदावर लिहा, मग नोंद उघडा. फरक दिसला तर लगेच कोणाला हाक मारू नका. आधी खोकं उघडा आणि आत किती नग आहेत ते मोजा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मोजत राहा!