मासा, मंडई आणि मॅरिगोल्ड

रंग बदलणारी जुनी काच जमवणं म्हणजे फक्त बड्या लोकांचा शौक, असं वाटतंय? मग गावच्या घरातली फळी एकदा नीट बघाच!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. ऑफिसच्या ग्रुपवर जो तो आपापल्या गावचे फोटो टाकत होता. कुणी मालवण, कुणी महाबळेश्वर. मीही टाकला आमच्या आरमोरीच्या घराचा. सारवलेली पडवी, आजी, मागे फळीवर जुना प्रभाकर कंदील आणि त्याच्या शेजारी काचेचा एक मासा. पडवीचं कौतुक होईल अशी अपेक्षा होती. पण दोनच मिनिटांत एका कलीगचा थेट फोन, ‘बॉस, तो मासा कुठून आला?’

‘वैनगंगेतून!’ मी म्हटलं.

तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार? आरमोरी म्हणजे गडचिरोली जिल्हा. नागपूरहून एसटी पकडायची, ब्रह्मपुरी मागे टाकायची, वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. आमचं गाव ओळखलं जातं ते कोशासाठी, जंगलातल्या ऐनावर वाढणाऱ्या टसरच्या कोशासाठी. काचेशी आमचा संबंध आरशापुरता. पण हा पठ्ठ्या ऐकेना. ‘तळाशी काही लिहिलंय का बघ,’ म्हणाला. मी माशाच्या पोटातून उदबत्तीच्या काड्या आणि विजेचं एक जुनं बिल बाहेर काढलं, फडक्यानं तळ पुसला. इंग्रजीत चार अक्षरं होती. जे, ए, आय, एन. जैन!

पलीकडे फोनवर शांतता. मग हळूच आवाज आला, ‘चार हजार देतो.’

च्यायला, चार हजार? आमच्या माशाला?

तर मंडळी, या माशाचं खानदान मोठं आहे. जमिनीत शतकानुशतकं पुरलेली रोमन काच वर काढली, की तिच्यावर मोरपिशी, सोनेरी झाक दिसते. माती आणि ओल यांनी काचेचा वरचा पापुद्रा बदललेला असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारागिरांना वाटलं, ही झाक आपल्याला मुद्दाम आणता आली तर? बोहेमियातल्या लोट्झ या कारखान्यानं त्यात कमाल केली आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात मोठं पारितोषिक मारलं. अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनीनं आपल्या काचेला ‘फाव्रील’ असं नाव दिलं आणि ते 1894 मध्ये नोंदवलं. त्या फुलदाण्यांच्या आजच्या किमती विचारू नका. आपलं वर्षाचं पॅकेज लाजेल!

मग 1907 मध्ये अमेरिकेतल्या फेंटन कारखान्यानं शक्कल लढवली. फुंकून घडवण्याऐवजी साच्यात दाबलेली काच घ्यायची, ती गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा. कथिल, लोखंड वगैरे. काचेवर इतका पातळ थर बसतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग खेळवतात. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडल्यावर जे दिसतं ना, सेम तेच. टिफनीचा थाट, पण किंमत चिल्लर! लोक तिला ‘गरिबाची टिफनी’ म्हणू लागले. पुढे फॅशन ओसरली, माल स्वस्त झाला, जत्रांमध्ये बक्षीस म्हणून वाटला गेला अशी आठवण राहिली. त्यावरूनच नंतरच्या संग्राहकांनी नाव पाडलं, कार्निव्हल ग्लास. तिच्या सगळ्यात कॉमन केशरी रंगाचं नाव मॅरिगोल्ड. म्हणजे आपला झेंडू.

आणि भारतात? बांगड्यांचं गाव फिरोजाबाद! तिथल्या जैन ग्लास वर्क्सनं गेल्या शतकात अशाच झाकेच्या फुलदाण्या काढल्या. मालक सेठ छदामीलाल जैन. फिरोजाबादेतलं बाहुबलीच्या उंच मूर्तीचं जैन मंदिर बांधणारे तेच. अमेरिकन कारखाने द्राक्षं आणि गुलाब उठवत होते, यांनी काय काढलं? फुलदाणीला वळसा घालणारा खवल्या-खवल्यांचा मासा. सोंड वर केलेला हत्ती. फुलदाणी धरलेला माणसाचा हात! शहरी नजरेला हे जरा भडक वाटेल, मलाही लहानपणी वाटायचं. (खरं सांगायचं तर शाळेतल्या मित्रांसमोर मी तो मासा लपवायचो.) पण ब्रिटनमधल्या ग्लेन आणि स्टीफन थिसलवुड या अभ्यासक दांपत्यानं जगभरची कार्निव्हल ग्लास धुंडाळताना या भारतीय काचेची रीतसर नोंद केली. आज परदेशातल्या संग्राहकांच्या काचकपाटात आपले मासे आणि हत्ती ऐटीत उभे असतात. आपण मात्र ते भंगारवाल्याला देऊन मोकळे होतो.

आता हा मासा फिरोजाबादेहून आरमोरीत कसा पोचला? आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘मंडईत घेतला तुह्या आबाजीनं.’ पुणेकरांनो, ही भाजीची मंडई नव्हे हं! आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, खाऊची दुकानं आणि रात्रभर नाटक. थोडक्यात काय, तर कार्निव्हल! अमेरिकेतल्या काचेला जत्रेचं नाव नंतर चिकटलं, आमचा मासा खराखुरा जत्रेतून आला. आजीनं आणखी एक सांगितलं. मासे दोन होते. एक काकानं चेंडू मारून फोडला.

पण चार हजारांत एक गोची होती. उजेडात धरून पाहिलं तर माशाची एक बाजू झगमगीत केशरी आणि दुसरी पार फिकी. आजी दर दिवाळीला त्याला राखेनं घासायची! पितळेला जे मानवतं ते या काचेला मानवत नाही. झाक वरच्या थरातच असते, राखेनं ती खरवडून निघते. चिंच-लिंबाच्या वाटेलाही जाऊ नका. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ कापड, बास.

एव्हाना मलाही किडा चावला होता. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजाराची मटण स्ट्रीट, सुट्टीला हेच. कलीगनं दिलेला फंडा सोपा आहे. आधी तळ बघायचा. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या वस्तूच्या बुडाला बारीक ओरखडे असतातच, बूड कोरं करकरीत असेल तर संशय घ्यायचा. साच्याच्या जोडाची रेघ बोटाला लागली तर नाराज व्हायचं नाही, दाबलेल्या काचेत ती असणारच. कडेवर टवका आहे का, ते नख फिरवून बघायचं. आणि दुकानदार ‘दोनशे साल पुराना अँटिक’ म्हणाला की मनात हसायचं! आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांचा निकष आहे, आणि जैनच्या फुलदाण्या बहुतेक सगळ्या त्याच्या अलीकडच्या. कलीगला यात काहीच वावगं वाटत नाही. त्याच्या क्यूबिकलमध्ये मॉनिटरशेजारी दोन हत्ती आहेत, बॉसनं ते हलवायला सांगितल्यावर त्यानं जागा बदलून घेतली.

चार हजारांचं मी आजीला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, ‘कायले पायजे गा त्याले?’ जमवतो तो, मी म्हटलं. ‘मंग जमवू दे ना. आपला नोको देऊ.’ विषय संपला.

मला मात्र जोडीतला दुसरा मासा हवा होता. फेब्रुवारीत एका रविवारी जुन्या बाजारात ताटल्यांच्या ढिगाखाली शेपटी दिसली. साडेतीन हजारांवरून बावीसशेवर आणला. तळाशी तीच चार अक्षरं, झाक दोन्ही बाजूंनी शाबूत. टॉवेलात गुंडाळून, पुणे ते नागपूर मांडीवर आणि पुढे एसटीत छातीशी धरून नेला. ब्रह्मपुरीपर्यंत शेजारचे काका मला तान्हं बाळ आहे का विचारत होते.

आजीनं तो हातात घेतला, फिरवला, खिडकीपाशी नेला.

‘हा आपला नाई गा,’ ती म्हणाली.

मग फळीवरचा कंदील मधे सरकवला आणि नव्या माशाला दुसऱ्या टोकाला उभं केलं. या दिवाळीत त्यात झेंडू होता. उदबत्तीच्या काड्या आणि विजेचं बिल अजून जुन्याकडेच आहेत.