आजोबांची कूस कोण बदलतं?

अतिदक्षता विभागात आपल्या आजोबांना पाहायला गेलं, की डोळ्यांत भरतात ती यंत्रं. परिचारिकेचे कष्ट दिसत नाहीत. म्हातारपणी कातडी नाजूक होते. शय्याव्रण टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याला बहुधा दोघीजणी लागतात. रात्री भ्रम झाला, की आजोबा नळ्या ओढतात. मग कुणीतरी जवळ थांबावंच लागतं. १९७४ सालची गुणपद्धती फक्त उपचार मोजायची. २००३ साली आलेल्या ‘नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर’मध्ये स्वच्छता, कूस बदलणं, नातेवाइकांना धीर देणं हेही धरलं गेलं. शंभर गुण म्हणजे एका परिचारिकेचं पूर्णवेळ काम. तेव्हा परिचारिका नेमताना खाटा नव्हे, काम मोजावं. आणि आपण? आजोबांचा चष्मा, श्रवणयंत्र आठवणीनं तिच्या हाती द्यावं. भ्रम आवरायला त्याची मदत होते.