हसणारा सैनिक आणि गप्प समाज

सैनिक सेवानिवृत्त होऊन गावी परततो, तेव्हा समाज त्याच्याशी दोनच प्रकारे वागतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गळ्यात हार घालून त्याला खुर्चीवर बसवले जाते, नाहीतर 'बिचाऱ्याने काय काय सोसले असेल' म्हणून त्याची कीव केली जाते. सत्कार असो की कीव, दोन्हींत सैनिकाला बोलावे लागत नाही आणि समाजाला ऐकावे लागत नाही. मग उरलेले ३६३ दिवस त्याने मेलेल्या सोबत्यांच्या आठवणींचे, रात्री दचकून उठण्याचे काय करायचे? हा प्रश्न कुणी विचारतो काय?

या कोंडीतून वाट काढणाऱ्या साधनांत विनोद हे एक मोठे साधन आहे, असे आमचे मत आहे. 'युद्ध हा काय चेष्टेचा विषय आहे?' असे काही जण विचारतील. परंतु ज्यांनी युद्ध भोगले त्यांनीच हे साधन हाती घेतले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्लंडचे नामवंत विनोदकार स्पाईक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत नोकरीला. बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनला गेले. छावणीतल्या घरांत काय वाढते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सुभेदार रामजींच्या पोटी बाबासाहेब जन्मले तेही महूच्या छावणीतच.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होते. उत्तर आफ्रिकेत त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घसरली आणि खाली हॅरी सीकम नावाच्या दुसऱ्या सैनिकाच्या गाडीजवळ आदळली. थोड्या वेळाने एक माणूस येऊन विचारू लागला की इथे कुणी तोफ पाहिली काय. सीकम यांनी उलट विचारले, तोफ कोणत्या रंगाची? पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगितला गेला. मरण हातभर अंतरावरून गेले आणि त्याच क्षणी दोन अनोळखी सैनिकांची दोस्ती जमली.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत तोफगोळ्यांच्या माऱ्यात मिलिगन जखमी झाले. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. हात कापत, रडू कोसळे. वरिष्ठांनी उपचार बाजूला ठेवून त्यांची पट्टी काढून घेतली आणि त्यांना साधा तोफची केले. शेवटी त्यांना आघाडीवरून हलवले गेले आणि सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या पथकात त्यांना जागा मिळाली. युद्धानंतर मिलिगन, सीकम, हवाई दलातले पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन हे चौघे माजी सैनिक एकत्र आले. त्यातून बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० 'द गून शो' चालला. त्यातला मेजर ब्लडनॉक हा लोभी आणि भित्रा अधिकारी! ज्या अधिकारशाहीने आजारी सैनिकाला भित्रा ठरवले, तिलाच या सैनिकांनी भित्रे करून सगळ्या देशापुढे उभे केले. आमच्या तमाशातला सोंगाड्या राजाची आणि पाटलाची जी गत करतो, तीच ही गत.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. सैनिकावर दुसऱ्याने हसणे ही टवाळी होय. सैनिकाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगून हसवणे, हे त्याचे बोलणे होय. भाषण ऐकणारा झोपू शकतो, पण विनोदाला हसायचे तर ऐकावेच लागते. ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही, तो माणूस नेमक्या जागी हसला की सैनिकाला कळते, याला समजले. हा धागा ना हाराने जोडला जातो, ना कीव करून.

अमेरिकेत ही गोष्ट आता पद्धतशीरपणे केली जाते. २०१५ मध्ये स्थापन झालेली 'आर्म्ड सर्व्हिसेस आर्ट्स पार्टनरशिप' ही संस्था माजी सैनिकांना विनोदी कथन लिहायला आणि सादर करायला शिकवते. शिकून झाले की हे सैनिक सामान्य नागरिकांसमोर मंचावर उभे राहतात.

पण विनोद म्हणजे औषध नव्हे, हेही तितकेच खरे. शोचे लेखन करता करता १९५२ च्या अखेरीस मिलिगन यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि आजाराने त्यांना पुढेही सोडले नाही. आपला आजार त्यांनी लपवला नाही. १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत त्यांनी नैराश्यावर पुस्तक लिहिले. आणि राज्यकर्त्यांची कृतज्ञता पाहा! ज्या देशासाठी जखमी झाले, त्याच देशाने १९६० च्या दशकात पासपोर्टसाठी त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. त्यांनी ती नाकारली आणि आयर्लंडचे नागरिकत्व घेतले.

आमच्या वस्त्यांत सैनिकी घरे थोडी नाहीत. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या आपली माणसे फौजेत गेली आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने शासकीय व शासन-अनुदानित सेवांतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. हा हक्क मागितला पाहिजे, मागताना लाजण्याचे कारण नाही.

आणि समाजाने काय करावे? विहारात, समाजमंदिरात महिन्यातून एक संध्याकाळ माजी सैनिकांना द्यावी. हार नको, भाषण नको. त्यांनी लंगरचे, उस्तादाचे, रजेच्या अर्जाचे किस्से सांगावेत आणि आपण हसावे. हसता हसता एखादा मध्येच थांबला, तर उठून जाऊ नये. मिलिगन २००२ मध्ये वारले. त्यांच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरले आहे की, मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितले होते. आमचे सैनिकही सांगत आहेत. ते जिवंत आहेत तोवर ऐकले पाहिजे.