कर्जातला मुका ‘बी’

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी इंग्रजीचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे अजून येतात. पूर्वी लोक अर्जाचा मसुदा तपासून घ्यायला येत, आता मुलाखतीला निघालेली मुले येतात. ‘शेड्यूल’ म्हणायचे की ‘स्केज्यूल’? दोन्ही चालतात, पहिला उच्चार इंग्लंडचा, दुसरा अमेरिकेचा. ‘प्रीपोन’ म्हटलेले चालते का? आपल्याकडे बिनदिक्कत चालते, ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला घरात घेतले आहे. असल्या प्रश्नांवर फार वेळ घालवू नये. वेळ द्यावा असा प्रश्न निराळाच आहे. लिहायचे एक आणि म्हणायचे भलतेच, हे ठरवले कुणी?

माझ्या व्यवसायातलाच शब्द घ्या. कर्जाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे स्पेलिंग डी-ई-बी-टी, उच्चार ‘डेट’. एका प्रशिक्षणवर्गात मराठी माध्यमातून आलेला एक कारकून उभा राहून ‘डेब्ट’ म्हणाला आणि सारा वर्ग हसला. शिकवणारे साहेबही हसले. वर्ग संपेपर्यंत त्या मुलाने पुन्हा तोंड उघडले नाही. हिशेबात त्याचा हात धरणारा शाखेत कुणी नव्हता, पण पुढे बढतीच्या मुलाखतीला जाणे त्याने दोनदा टाळले. तो ‘बी’ तिथे काय करतो आहे, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नसते, अशी मी पैज लावायला तयार आहे.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे लॅटिनच्या अभिमान्यांना वाटले, मूळ शब्द ‘डेबिटुम’, तर त्या कुळाची खूण दिसायला हवी. सोळाव्या शतकापर्यंत त्यांनी मध्ये ‘बी’ ठोकून बसवला. लोकांनी तो कागदावर घेतला, जिभेवर घेतला नाही. खतावणीतला आपला ‘डेबिट’ त्याच कुळातला. तिथे मात्र ‘बी’ खणखणीत वाजतो. ‘डाऊट’मधल्या ‘बी’ची हकीकत हीच. ‘रिसीट’मधला ‘पी’ही असाच मागाहून आणलेला. गंमत म्हणजे तिची भावंडे, ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’, या शुद्धीकरणातून सुटली!

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या १५९८ साली छापलेल्या नाटकात होलोफर्निस नावाचे एक पंतोजी आहेत. लोक ‘डेट’ आणि ‘डाऊट’ म्हणतात, ‘बी’ गिळतात, म्हणून ते चिडतात. म्हणजे आमचा कारकून जे बोलला, ते चारशे वर्षांपूर्वीच्या या नाटकातला शाळामास्तर हट्टाने बोलायला सांगतो आहे. नाटककाराने हसू केले आहे ते पंतोजींच्या पांडित्याचे. आमच्या वर्गातले हसू पांडित्याला नव्हते.

सगळीच मुकी अक्षरे मागून चिकटवलेली नाहीत, हेही खरे. गुडघ्याच्या इंग्रजी शब्दातला ‘के’ आणि रात्रीच्या शब्दातले ‘जीएच’ कधीकाळी बोलले जात. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना घातला, त्यानंतर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले.

आपण मराठी माणसे मिरवतो की, आमच्यात जसे लिहितात तसेच बोलतात. ‘चार’ आणि ‘चारा’ जरा मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एक, ‘च’ दोन. मदुराईहून बदलून आलेल्या बिचाऱ्या मॅनेजरला हे कुठल्या पुस्तकात सापडणार होते?

असो. मुलाखतीला निघालेल्यांना मी आता वीसेक शब्दांची यादी देतो, समोर उच्चार देवनागरीत. जमेल तिथे अक्षराची कुळकथाही सांगतो, कारण कारण कळले की भीती निम्मी होते. परवा एक मुलगी यादी वाचता वाचता थांबली. “काका, ‘कर्नल’मध्ये ‘आर’ कुठाय?” मी सांगितले, शब्द मूळचा इटालियन, त्यात ‘ल’, फ्रेंचांनी त्याचा ‘र’ केला, इंग्रजांनी लिहिताना एक ठेवला आणि बोलताना दुसरा. ती खूप वेळ हसली. बँकेच्या मुलाखतीत कर्नलचे काय काम, म्हणून मी तो शब्द खोडायला निघालो, तर म्हणाली, “राहू द्या, काका.”